वाफवलेला चोणक, वर तिरफळाचं तेल

आमच्या घरी चोणक मासा म्हणजे रवा लावून तळलेला, नाहीतर हुमणात, म्हणजे नारळाच्या कालवणात. बाबांचं ब्लडप्रेशर वाढल्यापासून मी तो आठवड्यातून एकदा चिनी पद्धतीने वाफवते. आई अजून या ताटाकडे संशयानेच बघते, पण तुकडी मागून घेते. थाई लोकही हाच मासा वाफवून वर लिंबू, लसूण आणि मिरची घालतात, म्हणजे मासा मुळात वाफेला चालणारा आहे.

तिघांना अर्धा किलो पुरे. तुकड्या बोटभर जाडीच्या, सगळ्या सारख्या करून घ्या. म्हापशाच्या बाजारात नुस्तेंकान्न, म्हणजे मासेवाली, ‘आतांच आयला गो’ म्हणणारच. आपण बोटाने दाबून बघावं. खड्डा राहिला तर पुढे चालू लागावं. हुमणात शिळेपणा थोडा तरी लपतो, वाफेत काहीच लपत नाही. चोणक नसेल तर तामसो (रेड स्नॅपर) घ्या, नाहीतर अख्खं पापलेट. इसवण (सुरमई) नको, कोरडा पडतो. जून-जुलैत ट्रॉलर बंद असतात, तेव्हा नदीतला किंवा तळ्यात वाढवलेला चोणक बघा.

तुकड्या धुऊन फडक्याने अगदी कोरड्या टिपा. मीठ लावू नका. मोठा चमचाभर साध्या सोया सॉसमध्ये साधारण 900 मिलिग्रॅम सोडियम असतं आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा 2000च्या आत आहे. म्हणून तिघांत मिळून दोनच मोठे चमचे सॉस, त्यात तेवढंच पाणी आणि चिमूटभर साखर. बाटली घेताना ‘डार्क’ टाळा, त्याने मासा काळा दिसतो.

मोदकपात्रात पाणी खळखळून उकळू द्या. तोवर खोलगट स्टीलच्या ताटलीत कांद्याच्या पातीचे पांढरे दांडे आणि आल्याच्या चकत्या पसरून त्यावर तुकड्या ठेवा, म्हणजे वाफ खालूनही फिरते. झाकणाला फडकं बांधा, नाहीतर पाणी टपटपतं. ताटली आत गेली की घड्याळ लावा: सात ते आठ मिनिटं, अख्ख्या पापलेटाला दहा. मग सुरीचं टोक काट्याजवळ घालून बघा. मांस पांढरं होऊन पाकळीसारखं सुटलं की झालं. काचेसारखं दिसलं तर आणखी मिनिटभर. आमच्याकडे मासा ‘बरो शिजूंक जाय’ म्हणून वीस मिनिटं उकळायची सवय आहे, ती इथे सोडावी लागते.

ताटलीत साचलेलं पाणी निथळून फेकून द्या, सगळा वास त्यातच उतरलेला असतो. आता तुकड्यांवर आल्याच्या बारीक काड्या आणि पातीचा हिरवा भाग लांबट चिरून घाला. कढल्यात दोन मोठे चमचे तेल धूर येईपर्यंत तापवा, गॅस बंद करा आणि थोडं थांबून चार-पाच तिरफळांची सालं भरड ठेचून टाका. आतली काळी बी आधीच काढलेली हवी. सिचुआनी मिरी ही आपल्या तिरफळाची सख्खी नातेवाईक, त्यामुळे जिभेला तीच झिणझिण मिळते, शिवाय आपला बांगड्याच्या हुमणाचा वास. तिरफळं लगेच करपतात. सुगंध सुटला की तेल पातीवर ओता. चर्रर्र आवाज आला पाहिजे. नाही आला तर तेल पुरेसं तापलं नव्हतं, पात कच्चीच लागेल. सॉस कोमट करून कडेने सोडा, वरून नको.

लिंबू आवडत असेल तर पानात पिळा, वाफेत घातलं तर कडवट होतं. सोबत उकड्या तांदळाचं शीत, म्हणजे भात, आणि लसणीवर परतलेली तांबडी भाजी (लाल माठ).

उरलाच तर दुसऱ्या दिवशी परत वाफवू नका, रबर होतो. काटे काढून कुस्करा आणि अंडं घालून शितात परता.