शिडी वर गेल्यावरच का सरकायची?

माळ्यावरचं सामान काढताना आमची 4 मीटरची शिडी दोनदा सरकली. दोन्ही वेळा मी जवळजवळ वर पोचलो होतो. खालच्या पायऱ्यांवर मात्र ती अगदी गुमान उभी. आधी वाटलं, फरशीच गुळगुळीत. मग कागद घेऊन बसलो.

भिंत शिडीला आडवी ढकलते, आणि तो रेटा पायाशी फक्त जमिनीचं घर्षण पेलतं. (भिंतीचं घर्षण मी धरलंच नाही, तिच्या भरवशावर कोण चढणार?) आपण जसजसे वर जातो तसतसं आपलं वजन शिडीच्या पायाभोवती जास्त आघूर्ण (म्हणजे फिरवणारा जोर) देतं, भिंतीचा रेटा वाढतो. जमिनीवरचा एकूण भार मात्र तेवढाच, म्हणजे घर्षणाची कमाल मर्यादाही तेवढीच. गंमत म्हणजे तळाच्या पायरीवर उभा माणूस शिडी घट्टच करतो: त्याच्या वजनाने घर्षणाची मर्यादा वाढते, भिंतीचा रेटा मात्र फारसा नाही.

माझं वजन 70 किलो, शिडीचं 12. पाया भिंतीपासून 2 मीटरवर, म्हणजे कोन 60 अंश. तीन चतुर्थांश उंचीवर लागणारा घर्षणांक (न सरकता जमिनीवरच्या भाराच्या किती पट आडवा रेटा पेलायला हवा, तो आकडा) निघाला 0.41. पाया 1 मीटरवर आणला, कोन साधारण 75 अंश झाला, आणि गरज उतरली 0.18 वर! याहून उभी केली तर मागे कलंडायची भीती.

तरी शिडीच्या पायाचे रबर उलटून पाहिले. झिजून चकाचक झाले होते. नवे बसवले, फरशीवरची धूळ पुसली. तेव्हापासून सरकलेली नाही.