भाड्याचं बैठं घर की स्वतःचं पॅनेलचं घर: खान्देशात कसं ठरवावं

जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ या भागात आता पफ पॅनेलची (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या तयार भिंतींची), कंटेनरची, हलक्या स्टील सांगाड्याची घरं सहज मिळतात. विकणारा चौरस फुटाचा भाव सांगतो आणि महिनाभरात घर उभं करून देतो म्हणतो. दरवर्षी भाडं वाढवून देणाऱ्याला हे ऐकायला गोड लागतं. पण हा निर्णय पॅनेलच्या भावावर घेऊ नका. तो दोन गोष्टींवर ठरतो: खालच्या जमिनीचे कागद आणि खालची माती. या दोन्ही बाजू पक्क्या नसतील तर भाड्यानेच राहा, त्यात काही कमीपणा नाही.

आधी जमीन

अमेरिकेत कारखान्यात बनून चाकांच्या सांगाड्यावर येणाऱ्या घरांसाठी 1976 पासून केंद्र सरकारची संहिता आहे. तिथे बरेच लोक घर स्वतःचं ठेवतात आणि खालची जागा भाड्याने घेतात. आपल्याकडे अशी व्यवस्था नाही. चुलत्याच्या किंवा ओळखीच्या माणसाच्या जागेवर तोंडी बोलीवर घर ठेवलं आणि उद्या वाटणी निघाली, तर घर तुमचं असूनही उचलायचा खर्च तुमच्याच अंगावर येतो. पॅनेलचं घर सोडवून दुसरीकडे नेता येतं हे खरं. पण जोते, शौचालयाची टाकी, नळाची आणि विजेची जोडणी जागेवरच राहते. सोडवताना कडेची पॅनेल वाकतात, स्क्रूची जुनी भोकं गळतात.

म्हणून जागा तुमच्या नावावर आणि बिनशेती हवी. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, फेरफार, जागा बिनशेती असल्याचा कागद आणि मंजूर रेखांकनाची (लेआउटची) प्रत हे चार कागद हातात घेतल्याशिवाय पॅनेलचा विसार देऊ नका. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ हा रकाना वाचा. बँकेचा बोजा, कुळाची नोंद, नोंदवलेला वाद तिथे दिसतो. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे. त्यावर नाव आलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं होत नाही. गायरानावर घर ठेवून नमुना 8 दाखवणाऱ्याकडून काहीही विकत घेऊ नका.

गावाबाहेर एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून स्वस्तात विकले जातात, तिथे जास्त सावध राहा. शेतजमिनीच्या अशा तुकड्याला 1947 च्या तुकडेबंदी कायद्याची अडचण येऊ शकते, आणि जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन घेताना कूळकायद्याचं कलम 63 आडवं येतं. स्वतःच्या शेतात राहायचं असेल तर शेतघराचे नियम लागतात. ते घर शेतीच्या वापरासाठी असतं, आणि त्यावर बँका सहसा गृहकर्ज देत नाहीत.

‘हे तर तात्पुरतं घर आहे, परवानगी कशाला’ असं विकणारा म्हणेल. राहण्यासाठी जोत्यावर बसवलेलं घर हे बांधकामच आहे. महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत, जिची हद्द असेल तिथे नकाशासह लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. पुढे घरपट्टी, नळ आणि वीजमीटर याच कागदावर मिळतात.

हिशेब

जागा वडिलार्जित आहे असं धरू. 400 चौरस फुटांच्या घराला 6 लाख कर्ज काढलं. जोते, टाकी, मीटर यांना 2 लाख रोख लागले. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. गृहकर्ज मिळालं नाही आणि पतसंस्थेचं 11 टक्क्यांचं कर्ज 7 वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता साधारण 10,270 रुपये बसतो आणि एकूण परतफेड 8.63 लाख होते. देखभालीला वर्षाला 15,000 धरा. दहा वर्षांत खर्च 12.13 लाख.

तेवढ्याच सोयीच्या घराचं भाडं महिना 6,000 असेल आणि दरवर्षी 5 टक्के वाढत असेल, तर दहा वर्षांत 9.06 लाख जातात. म्हणजे तोवर भाडंच स्वस्त. बरोबरी व्हायला तेरा वर्षं लागतात. भाडं 9,000 असेल तर मात्र साधारण नऊ वर्षांत बरोबरी होते. बदलीची नोकरी असलेल्या शिक्षकाने किंवा रेल्वे कर्मचाऱ्याने ही वर्षं आधी मोजावीत.

जागा विकत घ्यावी लागणार असेल तर तिचा हिशेब वेगळा मांडा. किंमत वाढली तर जागेची वाढेल. पॅनेलच्या घराची दरवर्षी घटते, आणि विकताना त्याला जुन्या लोखंडाच्या आसपासच भाव येतो.

काळी माती: इथेच घरं बिघडतात

तापी, गिरणा, पांझरेच्या काठच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगते. ‘घर हलकं आहे, पाया हलका चालेल’ हे वाक्य सगळ्यात महाग पडतं. फुगणारी माती जड घरापेक्षा हलकं घर सहज उचलते. मग एक कोपरा वर येतो, दारं अडकतात, पॅनेलचे सांधे उघडतात आणि पहिल्याच पावसात भिंतीतून पाणी येतं.

आधी 5-6 फुटांचा एक खड्डा खोदून पाहा. मुरूम 4 फुटांच्या आत लागला तर जोत्याच्या सगळ्या जागेतली काळी माती काढून टाका आणि मुरुमापर्यंत जा. भरणीही मुरुमाचीच, 6-6 इंचांच्या थरात, प्रत्येक थराला पाणी मारून आणि रोलर किंवा धुम्मस फिरवून. सगळा मुरूम एकदम ओतून वर काँक्रीट केलं तर तो दोन वर्षांत खचतो. भरणीवर 4 इंच साधं काँक्रीट, आणि चारही बाजूंनी सलग फिरणारी सळईची प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याची काँक्रीटची तुळई. मुरूम खूप खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगवटा असलेले किमान साडेतीन मीटर खोल खांब घ्यावे लागतात. त्यासाठी सिव्हिल इंजिनिअरचं डिझाइन हवंच.

जोते रस्त्यापेक्षा दीड ते दोन फूट वर ठेवा. भोवती 3 फूट रुंद, बाहेर उतार असलेला काँक्रीटचा पट्टा करा. न्हाणीचं पाणी, कूलरचं सांडपाणी आणि पागोळ्या जोत्याजवळ मुरू देऊ नका. मातीची ओल सगळीकडे सारखी राहिली तर ती कमी हलते.

मुहूर्त दिवाळीनंतरचा धरा आणि आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आत घर छतासह उभं करा. त्यानंतर वादळी पाऊस सुरू होतो. रावेर-यावलच्या केळीबागा आडव्या करणारा वारा अर्धवट बसवलेलं छप्पर सहज नेतो. खांबांच्या पायपट्ट्या बीममध्ये आधीच पुरलेल्या 16 मिमी बोल्टला बसवायच्या. काँक्रीट वाळल्यावर भोक पाडून ठोकलेल्या फास्टनरवर सगळं घर सोडू नका.

ऊन आणि पॅनेल

जुन्या मातीच्या धाब्याच्या घरात भर दुपारी गारवा असायचा तो जाड भिंतींमुळे. ऊन आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होत असे. पॅनेलमध्ये तो जाडपणा नाही. पफ पॅनेल उष्णता अडवतं, साठवत नाही. त्यामुळे दार-खिडक्या बंद असतील तोवर आत बरं वाटतं, आणि दुपारी दार उघडं राहिलं की घर पटकन तापतं. रात्री मात्र ते विटांच्या घरापेक्षा लवकर निवतं. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जाणाऱ्या भागात छत 80 मिमी आणि भिंती निदान 50 मिमी घ्या. रंग पांढरा किंवा फिका, पश्चिमेला खिडकी नको, आणि दक्षिण-पश्चिमेला 3 फूट छज्जा किंवा ओसरी. नुसत्या पत्र्याचं कंटेनर घर इथे राहण्यासाठी घेऊ नका.

कोटेशनमध्ये ‘50 मिमी पफ’ एवढंच लिहून चालत नाही. फोमची घनता 40 किलो प्रति घनमीटर आणि दोन्ही बाजूंचा रंगीत पत्रा 0.5 मिमी, हे लिहून घ्या. माल आला की एका कापलेल्या पॅनेलमधून 10 सेंमी गुणिले 10 सेंमीचा तुकडा घ्या, पत्रे सोलून काढा आणि 5 सेंमी जाडीचा फोम सोनाराच्या काट्यावर ठेवा. 20 ग्रॅमच्या आसपास भरला तर माल बरोबर. 14-15 ग्रॅम भरला तर घनता जेमतेम 28-30 आहे, माल परत करा. 8-9 ग्रॅम आणि पांढरे मणी दिसले तर ते थर्माकोल आहे.

हा फोम आग लागली की विषारी धूर सोडतो. ओट्यामागची भिंत विटांची, सिमेंट बोर्डाची किंवा रॉकवूल पॅनेलची करा आणि सिलिंडर बाहेरच्या कोनाड्यात ठेवा. यात तडजोड करू नका. फोमच्या उघड्या कडा पत्र्याच्या पट्टीने बंद करा, नाहीतर उंदीर आत घर करतात आणि वायर कुरतडतात.

वीज हा दुसरा जीवावरचा मुद्दा. सगळं घर धातूचं आहे. एका वायरचं आवरण फाटलं तर भिंतीलाच करंट येतो. सांगाडा दोन कोपऱ्यांत अर्थिंगला जोडा, मुख्य बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच) बसवा. वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी बूच आणि पीव्हीसी पाइप हवाच. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा.

कूलर इथल्या कोरड्या उन्हाळ्यात उत्तम चालतो, पण समोरची खिडकी थोडी उघडी हवी. घट्ट बंद घरात ओल साचते, थंडावा येत नाही. पाण्याची 1,000 लिटरची टाकी भरली की एक टन वजन होतं. ती छतावर नको, स्वतंत्र लोखंडी घोडीवर ठेवा.

तयार कंटेनर घर आणणार असाल तर 40 फुटी ट्रेलर वळेल का आणि क्रेनच्या वर वीजतारा आहेत का, हे जागेवर जाऊन पाहा. गल्ली अरुंद असेल तर सुटी पॅनेल आणून जोडणंच बरं.

भाड्याने राहायचं ठरलं तर

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी मालकाची आहे. 11 महिन्यांचा असला तरी नोंदणी चुकत नाही, नुसत्या नोटरीवर थांबू नका. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि अनामतीवर वर्षाला 10 टक्के धरलेलं व्याज यांच्या बेरजेच्या 0.25 टक्के असतं. 7,000 भाडं आणि 30,000 अनामत असेल तर ते सुमारे 200 रुपये होतं. त्याशिवाय नोंदणी फी आणि एजंटचा खर्च. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर कलम 24 खाली दुप्पट दराने भरपाई मागता येते, म्हणून नूतनीकरण मुदतीच्या आत करा.

करारात अनामत किती दिवसांत परत, रंगकाम कोणाचं, सबमीटर असेल तर युनिटचा दर आणि पाण्याच्या टँकरचा खर्च कोणाचा, हे लिहून घ्या. घर दुपारी तीनला पाहा. स्लॅबखालची खोली त्या वेळी किती तापते ते कळतं. मागच्या भाडेकरूची वीज थकबाकी महावितरणच्या ताज्या बिलावर दिसते.

पॅनेलवाल्याला पैसे देताना

विसार 30 टक्क्यांवर जाऊ देऊ नका. जोते तयार झाल्यावर मापं पुन्हा घेऊनच पॅनेल कापायला सांगा. जोते दोन इंच तिरपं निघालं तर आधी कापलेलं पॅनेल वाया जातं. छताचे स्क्रू रबरी वॉशरसह आणि पत्र्याच्या उंचवट्यावर हवेत. फार आवळला तर वॉशर फाटतो, सैल राहिला तर पाणी शिरतं. शेवटचे 10 टक्के पहिला मोठा पाऊस होऊन गेल्यावर द्यायचे, हे करारात आधीच लिहा. त्या पावसानंतर खिडक्यांचे खालचे कोपरे, छताचा कणा आणि भिंत-जोत्याचा सांधा हाताने चाचपून पाहा. ओल लागली तर सिलिकॉन भरून भागवू देऊ नका, तिथली पट्टी काढून पुन्हा बसवून घ्या.