लॉगिन टोकन कुठे ठेवावे, कसे बदलावे

लॉगिन झाल्यावर सर्व्हर दोन टोकन (वापरकर्त्याची ओळख पटवणारे सांकेतिक मजकूर) देतो असे धरू: प्रत्येक विनंतीसोबत जाणारे, दहा-पंधरा मिनिटांत मुदत संपणारे ॲक्सेस टोकन आणि ते संपल्यावर नवे मिळवून देणारे, काही दिवस चालणारे रिफ्रेश टोकन. पहिले पानाच्या मेमरीतच ठेवावे. दुसरे मात्र एचटीटीपी-ओन्ली (स्क्रिप्टला वाचायला बंदी), सिक्युअर (फक्त एचटीटीपीएसवरून पाठवणी) आणि सेमसाइट (दुसऱ्या साइटवरून निघालेल्या विनंतीसोबत जाण्यावर बंधन) हे तिन्ही गुणधर्म लावलेल्या कुकीत ठेवावे, म्हणजे पानात घुसलेल्या परक्या स्क्रिप्टला ते वाचता येत नाही. लोकल स्टोरेज (ब्राउझरमधली, स्क्रिप्टला खुली साठवण) सोयीचे खरे, पण तिथे ही आडकाठी नसते.

खरी गोची नूतनीकरणात, म्हणजे रिफ्रेश टोकन देऊन नवे ॲक्सेस टोकन घेण्यात आहे. दर वेळी जुने रिफ्रेश टोकन रद्द करून नवे द्यावे, आणि रद्द झालेले पुन्हा आले तर चोरी समजून त्या लॉगिनची सगळी टोकन बाद करावीत. परंतु एकाच पानावरून गेलेल्या चार विनंत्यांना एकदम ४०१ (ओळख अमान्य, उदा. टोकनची मुदत संपली) उत्तर आले आणि प्रत्येकीने स्वतंत्रपणे नूतनीकरण मागितले, तर दुसरीच विनंती चोर ठरते आणि निरपराध वापरकर्ता बाहेर फेकला जातो. (माझे दोन दिवस यातच गेले होते.) म्हणून चालू नूतनीकरणाचे प्रॉमिस (पुढे येणाऱ्या उत्तराच्या जागी जावास्क्रिप्ट देते ती वस्तू) एका व्हेरिएबलमध्ये धरून ठेवावे, बाकीच्या विनंत्यांना त्याचीच वाट पाहायला लावावी आणि नवे टोकन हाती आल्यावर प्रत्येक विनंती एकदाच पुन्हा पाठवावी.