अपहरणाचा थरारपट पदरमोड करून काढताय? या चुका टाळा

अशा पटकथा बहुतेक वेळा एकाच जागी फसतात. अपहरणामागचा खरा हेतू शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत दडवून ठेवलेला असतो आणि मग अपहरणकर्ता तो भाषणासारखा सांगून टाकतो. प्रेक्षकाला धक्का बसत नाही, फसवल्यासारखं वाटतं. हेतू पहिल्या प्रसंगापासून डोळ्यांसमोर असावा, अर्थ तेवढा उशिरा लागावा.

समजा, पुण्यात कोथरूडमधल्या एका बिल्डरचा मुलगा पळवलाय. फोनवर मागणी येते 18 लाख 40 हजारांची. असा विचित्र आकडा कोण मागतं? बाप मात्र तो ऐकून गप्प होतो. मुळशीतली जमीन घेताना त्याने एका शेतकऱ्याचे नेमके तेवढेच पैसे बुडवले होते, हे तासाभराने कळतं आणि त्याचं गप्प होणं, पोलिसांपासून फोन लपवणं, सगळं जुळून येतं. हे साधायचं तर पटकथेआधी अपहरणकर्त्याच्या बाजूची हकिकत तारीखवार वेगळ्या वहीत लिहा. एखादा प्रसंग थंड पडला की ती वही उघडून बघा: तो मागतोय काय आणि त्याला हवंय काय? दोन्ही एकच असेल तर प्रसंग पुन्हा लिहा.

पोलीस तपासात तर फार ढिलाई दिसते. 'चोवीस तास थांबा' हा संवाद सोडून द्या. अल्पवयीन मूल हरवलं की अपहरण किंवा मानवी तस्करी गृहीत धरून गुन्हा नोंदवायचा, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा आदेश आहे. 1 जुलै 2024 नंतरच्या कथेत इन्स्पेक्टरच्या तोंडी जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम 364 अ नको. खंडणीसाठीचं अपहरण आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 140(2) मध्ये आहे. गाडी हिंजवडीत शिरली की हद्द पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाची, जे 2018 मध्ये पुणे आयुक्तालयापासून वेगळं झालं. दोन आयुक्तालयांमधली ही ओढाताण कथेत जरूर वापरा. फोन बंद दाखवून सुटू नका. तो शेवटी कुठल्या मोबाइल टॉवरला जोडलेला होता, हे पोलिसांना कळतंच.

चित्रीकरणात जिवावर बेतणारी चूक एकच: न कळवता भर रस्त्यात मुलाला गाडीत कोंबणं. लोक खरं समजून 112 ला फोन करतील, कलाकारांना मारतीलसुद्धा. रीतसर परवानगी घ्या, स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवा, पोच घेतलेली प्रत सेटवर ठेवा. पैशांची बॅग भिडे पुलाजवळ नदीपात्रात ठेवायची असेल, तर ते काम पावसाळ्याआधीच उरका. खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की पूल पाण्याखाली जातो.