पात्राला जे ठाऊक नाही
जीटीए फाइव्ह या व्हिडिओ गेमच्या फाइव्हएम सर्व्हरवर (खेळाडूंनी स्वतः चालवलेल्या ऑनलाइन जगात) एखाद्या पात्राची भूमिका वठवताना इतरांच्या डोक्यावर दिसणारे नाव, डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर मित्राने सांगितलेला पत्ता किंवा ट्विचवरील थेट प्रक्षेपणात पाहिलेला दरोड्याचा बेत हे सारे खेळाडूला कळलेले असते, पात्राला नव्हे. अशा माहितीचा खेळात वापर करणे म्हणजेच मेटागेमिंग. म्हणून कृती करण्यापूर्वी ‘हे माझ्या पात्राला कोठे, कोणाकडून कळले?’ असे स्वतःला विचारावे आणि खेळातला प्रसंग आठवला नाही, तर ती माहिती वापरू नये. पात्राला कळलेल्या गोष्टींची वेगळी वही ठेवावी. खरी कसोटी पात्र मरणाच्या दारातून परतते तेव्हा लागते: अनेक सर्व्हरांच्या नियमांनुसार हल्लेखोराचा चेहरा त्याला आठवता कामा नये, त्यामुळे सूडाची ऊर्मी कितीही तीव्र असली, तरी त्या माणसाला अनोळखी म्हणूनच भेटावे, ओळख पटवायचीच असेल, तर खेळातच साक्षीदार शोधावा.