सहलीचं पॅकेज विकायला निघालात? आधी या चुका टाळा

दर काही महिन्यांनी कुणीतरी आपलं पहिलंवहिलं पॅकेज मला दाखवायला आणतं. वर फोटो, मध्ये ठिकाणांची नावं, खाली ठळक अक्षरात माणशी भाव. मी ठिकाणं नंतर वाचते. आधी विचारते, "हा भाव किती माणसांवर काढलास?" उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं: "बस ४५ सीटची आहे ना, मग ४५ वर."

या एका उत्तरामुळे पहिल्याच सीझनला हात पोळलेली किती माणसं मी पाहिली आहेत! बसचं भाडं, ड्रायव्हरची राहण्याची सोय, गाइडची फी, टूर लीडरचं तिकीट आणि खोली हा ठरलेला खर्च. माणसं १० आली तरी तो तेवढाच, ४५ आली तरी तेवढाच. जेवण, हॉटेलची खोली, प्रवेश तिकिटं हा खर्च माणसांबरोबर वाढतो आणि कमी होतो. नवखे लोक दोन्ही एकाच बेरजेत घालतात आणि पूर्ण बसने भागतात. मग बुकिंग होतं २४ जणांचं. बसचा माणशी वाटा जवळजवळ दुप्पट झालेला असतो, पण भाव तर छापून गेलेला. ४५ हा आकडाही मुळात चुकीचाच, कारण एका सीटवर टूर लीडर बसणार.

इथून पुढे मग पळवाटा सुरू होतात. हॉटेल बदला, गाइड काढून टाका, दोन जेवणं "स्वखर्चाने" करून टाका. असं करणाऱ्यांबद्दल मला अजिबात सहानुभूती नाही. पर्यटकाने जे पाहून पैसे भरले ते त्याला मिळालंच पाहिजे.

माझी सवय सांगते. ४५ सीटच्या बसला मी २५ माणसांवर भाव काढते. २६ वा आला की मार्जिन सुरू. भाव थोडा चढा दिसतो आणि काही गिऱ्हाइकं जातात, जाऊ देत. हॉटेल "इतक्या माणसांमागे एक फुकट" देणार असेल, तरी ते लेखी येईपर्यंत मी कॉस्टिंगमध्ये धरत नाही. आणि किमान किती माणसं झाली तर सहल निघेल, नाही झाली तर कधी कळवणार, हे बुकिंगच्या कागदावरच लिहिते. युरोपियन युनियनच्या २०१५ च्या पॅकेज ट्रॅव्हल नियमांत याच्या मुदती ठरवून दिल्या आहेत: ६ दिवसांपेक्षा मोठी सहल असेल तर निदान २० दिवस आधी, २ ते ६ दिवसांची असेल तर ७ दिवस आधी. तुम्ही जगात कुठेही काम करा, हा हिशोब डोळ्यांसमोर ठेवायला चांगला आहे.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्याबद्दल जास्त बोलते.

माझा तिसरा ग्रुप, १४ जण. थेट एका तिकिटावर जायचं तर भाडं बरंच जास्त पडत होतं. मी दोन वेगवेगळ्या विमान कंपन्यांची सुटी तिकिटं जोडली. मधल्या विमानतळावर साडेतीन तासांचं अंतर, म्हणजे भरपूर वेळ असं वाटलं. पहिलं विमान अगदी वेळेवर पोचलं. तरीही आम्ही अडकलो. तिकिटं वेगळी असल्यामुळे बॅगा पुढे जाणारच नव्हत्या. त्या घ्यायच्या आणि पुन्हा चेक-इन करायच्या, तर इमिग्रेशन ओलांडून बाहेर पडायला हवं. बाहेर पडायला त्या देशाचा व्हिसा हवा. तो १४ पैकी एकाकडेही नव्हता. पहिल्या विमान कंपनीच्या काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "तुमच्याकडे आमचं एवढंच तिकीट आहे. ते इथे संपलं."

दुसरं विमान आमच्याशिवाय उडालं. आम्ही नो-शो, म्हणजे न आलेले प्रवासी ठरलो आणि त्याच तिकिटावरचा परतीचा प्रवासही रद्द झाला. एका आजींच्या मधुमेहाच्या गोळ्या चेक-इन बॅगेत होत्या. त्या खुर्चीवर बसून पर्सचे कप्पे पुन्हा पुन्हा उघडून पाहत होत्या, आणि मी फोनवर त्याच दिवसाची १४ तिकिटं शोधत होते. वाचवलेले पैसे तर गेलेच, वर पूर्ण सहलीची कमाईही गेली. पण मला आजही आठवतात त्या आजींची ती पर्स चाचपणारी बोटं.

तेव्हापासून ग्रुपचा सगळा विमानप्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर. एका तिकिटावर असाल आणि पहिल्या विमानाला उशीर झाला, तर पुढे पोचवण्याची जबाबदारी विमान कंपनीची. सुट्या तिकिटांवर ती तुमच्या डोक्यावर. "पण मॅडम, स्वस्त पडतं" म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते: अडकलात तर १४ तिकिटांचे पैसे आज खात्यात आहेत का? आणि औषधं केबिन बॅगेत ठेवली का, हे मी निघताना प्रत्येकाला तोंडी विचारते. छापील सूचना कोणी वाचत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात.

पासपोर्टची मुदत बुकिंगच्याच दिवशी बघा. बरेच देश ६ महिने शिल्लक मागतात. शेंगेनला, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांना, परतीच्या तारखेनंतर ३ महिने लागतात, शिवाय पासपोर्ट गेल्या १० वर्षांतला हवा. शेंगेन व्हिसासाठीचा विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, फोनवर ऐकून कधीही टाइप करू नका.

तारीख ०४/०५ अशी लिहू नका. काही देशांत ती ४ मे, अमेरिकेत ५ एप्रिल. महिना अक्षरांत लिहा.

सुट्टीचे वार पाहा. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, तिथलंच ओर्से संग्रहालय सोमवारी, ताजमहाल शुक्रवारी. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्यातला शेवटचा रविवार सोडून बाकीच्या रविवारी बंद. मी कार्यक्रमात ठिकाणाच्या नावापुढे आधी बंदचा वार लिहिते, मग दिवस ठरवते.

नकाशावर दिसणारा वेळ कारचा असतो, बसचा नाही. युरोपात ड्रायव्हरला साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते आणि दिवसाची मर्यादा साधारण ९ तास आहे. ४० माणसं एका थांब्यावर उतरून स्वच्छतागृहाच्या रांगेतून परत बसमध्ये येईपर्यंत अर्धा तास जातोच. "एका दिवसात पाच ठिकाणं" लिहिणाऱ्याने तो दिवस एकदा स्वतः, म्हाताऱ्या आई-वडिलांना घेऊन, करून पाहावा.

पुढच्या ग्रुपच्या ॲडव्हान्समधून मागच्या ग्रुपची बिलं भागवू नका. २३ सप्टेंबर २०१९ ला थॉमस कुक ही ब्रिटिश कंपनी कर्जाखाली कोसळली, तेव्हा दीड लाखाहून अधिक ब्रिटिश पर्यटक परदेशात होते. पॅकेज घेणाऱ्यांसाठी तिथे ॲटॉल ही संरक्षण योजना होती आणि सरकारी यंत्रणेने विमानं पाठवून लोकांना परत आणलं. तुमच्या पाठीशी असं कोण आहे? पर्यटकांच्या पैशांचं खातं वेगळं ठेवा आणि सहल संपेपर्यंत त्यातला नफा उचलू नका.

हॉटेलला ब्लॉक केलेल्या खोल्यांची रिलीज डेट, म्हणजे त्या पक्क्या करायची किंवा सोडायची शेवटची तारीख, भिंतीवर लावा. ती उलटली की खोल्या गेल्या, किंवा दंड लागला.

आणि ग्रुप पोचण्याच्या आदल्या संध्याकाळी हॉटेलला फोन करा. "कन्फर्म आहे ना?" असं विचारू नका, त्याला सगळेच हो म्हणतात. मी म्हणते, "माझ्या नावावर काय लिहिलंय ते वाचून दाखवा." एकदा पलीकडच्या माणसाने "१२ डबल" वाचलं, म्हणजे दोघांना मिळून एकच मोठा पलंग. मी १२ ट्विन मागितल्या होत्या, कारण येणारे सगळे निवृत्त सहकारी होते, जोडपी नव्हेत. तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. दुसऱ्या दिवशी ग्रुप पोचला तेव्हा प्रत्येक खोलीत दोन वेगळे पलंग होते.