आधी शेताचं नाव विचारा: मूळपुरुषाचा माग काढताना

मूळपुरुष शोधायला निघालात तर सुरुवातीला त्याचं नाव बाजूला ठेवा आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला शेताची नावं विचारा. आमच्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, त्यामुळे सिद्धप्पाचा मल्लप्पा, मल्लप्पाचा सिद्धप्पा अशी माळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. जुन्या कागदात आडनाव क्वचितच असतं. ‘सिद्धप्पा बिन मल्लप्पा’ हे माझे आजोबा की त्यांचे आजोबा, यातच माझे पहिले सहा महिने गेले. आत्तीला विचारलं तेव्हा तिने ‘चिंचेचा तुकडा’, ‘खालची पट्टी’, ‘समाधीचा माळ’ अशी नावं घडाघडा सांगितली. माणसांची नावं फिरून येतात, समाधीचा माळ एकच असतो.

मी सोलापुरात चित्रकला शिकवून निवृत्त झाले. माहेर दक्षिण सोलापूर तालुक्यातलं, लिंगायत, घरात अर्धं कानडी अर्धं मराठी. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट अशी: खापरपणजोबा सिद्धप्पा मोठ्या दुष्काळात, म्हणजे १८७६-७७ च्या, विजापूर भागातल्या इंडीकडून एका बैलासह आले, पडीक माळ फोडला आणि तिथेच त्यांची समाधी आहे. या गोष्टीचा कागद शोधायचा, एवढंच मनात होतं.

सुरुवात आजच्या सातबाऱ्यापासून करा. तो मोबाईलवरही मिळतो. त्यावर गट नंबर असतो, पण जुन्या दप्तरात गट नसतात, सर्व्हे नंबर असतात. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. त्याखाली पुढे गावोगाव जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालं आणि नंबर बदलले. जुना-नवा नंबर जोडणारा कागद म्हणजे ‘नऊ तीन, नऊ चार’चा उतारा. भूमी अभिलेख कार्यालयात याच नावाने मागा, लगेच कळतं. हा उतारा हातात नसताना पुढे गेलात तर दुसऱ्याच्या आजोबांचे कागद वाचत बसाल. मी बसले आहे.

सर्व्हे नंबर मिळाला की फेरफार, म्हणजे जमिनीचा हक्क बदलल्याच्या नोंदी, उलटे चढत जा. प्रत्येक सातबाऱ्यावर फेरफार नंबर गोलात लिहिलेले असतात. एकेकाची नक्कल मागायची. त्यात सगळ्यांत मोलाची वारसाची नोंद. माणूस कधी वारला, मागे बायको, मुलगे, मुली कोण, हे तिथे असतं. घरच्या वंशावळीत मुली नसतात, वारसाच्या नोंदीत बऱ्याचदा असतात. काही खुणा आधीच पाठ करून ठेवा. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, तेव्हा एकट्या थोरल्याचं नाव दिसलं म्हणून भाऊ नव्हते असं समजू नका. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. पोर लहान होतं आणि पुढे जे नाव आहे ते बहुतेक त्याच्या आईचं किंवा चुलत्याचं.

हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे फेरफारांची वही साधारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थांबते. त्याच्या मागे जायचं तर मोजणीचे कागद: शेतवार पत्रक, पक्काबुक, कडईपत्रक, क्लासर रजिस्टर. क्लासर म्हणजे जमिनीची प्रत ठरवणारा. गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांची जमीनमोजणीची पद्धत शेजारच्या इंदापुरात १८३६ च्या सुमारास सुरू झाली आणि जमिनीचा सारा तीस वर्षांसाठी बांधला जाई. म्हणून एकाच शेताची दोन पत्रकं मिळू शकतात, पहिल्या मोजणीचं आणि फेरमोजणीचं. दोन्ही मागा. एकावर समाधान मानू नका.

हे सगळं मोडीत. घाबरू नका. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि अक्षरं तिला टांगतात, ऱ्हस्व-दीर्घ एकच. मी पूर्ण मोडी शिकलेच नाही. ट्रेसिंग पेपरवर फक्त गावाचं नाव, ‘सिद्धप्पा’, ‘मल्लप्पा’, ‘बिन’ आणि ‘कोम’ एवढ्याच आकृत्या गिरवल्या, जशी मुलांकडून पानाफुलांची गिरवून घेत असे, आणि मग पानांवर त्या आकृत्या शोधल्या. सापडलेलं पान जाणकाराकडून नीट वाचून घ्यायचं. २०२३ नंतर कुणबी नोंदींच्या शोधात जुनी दप्तरं बाहेर निघाली, मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली, त्यामुळे आता माणूस सापडतो.

कार्यालयात जाताना डबा न्या. एका ठिकाणी मला सांगितलं, त्या वर्षांची वही वाळवीने खाल्ली. तिसऱ्या खेपेला दुसऱ्या कारकुनाने तीच वही कपाटावरून काढली. वाळवी लागली होती, पण मागच्या पुठ्ठ्याला. तिथल्याच एका म्हाताऱ्या शिपायाने विचारलं, “कुणाला शोधूलालाव अक्का?” म्हटलं, खापरपणजोबांना. “मग पोरगी कशाला आली? भाऊ नाही का?” भाऊ आहे. त्याला वेळ नाही. नकलेच्या अर्जात ‘वंशज’ एवढंच लिहा, सासरचं-माहेरचं आडनाव समजावत बसू नका.

मृत्यूसाठी गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानंतरची नोंद ग्रामपंचायतीत, त्याआधीची तहसीलच्या अभिलेख कक्षात शोधायची. नाव, जात, वय, कारण असे रकाने. ‘पटकी’, ‘देवी’, ‘ताप’. १९१८ च्या शेवटच्या महिन्यांची, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीतली, पानं उलटताना हात जड होतो, पानामागून पान ताप. शहरातल्यांनी महापालिकेत जावं. सोलापूरची नगरपालिका १८५२ ची आहे. पेठेत घर असेल तर सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक आणि त्यामागची चौकशी नोंदवही बघा.

गाव कोणाच्या राज्यात होतं, हे मात्र आधी ठरवा. सोलापूरभोवती हे फार गुंतागुंतीचं आहे. अक्कलकोट १९४८ पर्यंत संस्थान. तुळजापूर निजामाकडे, तिथले जुने कागद उर्दूत निघू शकतात. आणि इंडी विजापूर जिल्ह्यात, जो १९५६ पर्यंत आपल्याच मुंबई राज्यात होता.

आता समाधी. दहन करणाऱ्या घरांना ही सोय नाही, त्यांनी शेतातलं वृंदावन किंवा चौथरा बघावा. मुसलमान घरांनी कब्रस्तान, ख्रिस्ती घरांनी चर्चचं दफन-रजिस्टर. आमच्यात पुरतात, आणि पूर्वी बहुतेक स्वतःच्या रानात. जुन्या कागदात त्याची खूण पोटखराब्यात, म्हणजे शेतातल्या पिकाबाहेरच्या जागेत, सापडते. पोटखराबा दोन प्रकारचा: ‘अ’ म्हणजे लागवडीस नालायक, ‘ब’ म्हणजे रस्ता, पाणी, स्मशान यांसाठी सोडलेला. आमच्या माळात दोन गुंठे ‘ब’ निघाला आणि तिथेच दोन समाध्या आहेत: एक मोठी, नंदी असलेली, तिला आम्ही खापरपणजोबा म्हणून नमस्कार करतो, दुसरी बुटकी, तिच्याकडे कोणी बघत नाही.

दगड वाचायला कलत्या उन्हात जा, म्हणजे उगवतीला किंवा मावळतीला. भर दुपारी जायचंच झालं तर आरसा घेऊन उजेड बाजूने टाका, रात्री बॅटरी दगडाला टेकवून आडवी धरा. खडू, चुना, तेल काही लावू नका. काळा दगड घट्ट असेल, पापुद्रे सुटत नसतील, तरच पातळ कागद ठेवून पेन्सिलीची कूस फिरवा. आणि घरातल्या उत्साही मुलांना आधी बजावून ठेवा. माझ्या भाच्याने शिवरात्रीला मोठ्या समाधीला केशरी ऑइलपेंट फासला, भक्तीने. खरवडलं तर अक्षरंही जातील. मी तशीच बॅटरी आडवी धरली. रंगाखालून कडा उठून आल्या. अक्षरं कानडी होती. पहिलं ‘सि’ असायला हवं होतं. ते ‘रे’ होतं.

मग पहिल्या मोजणीचं पत्रक पुन्हा काढलं. समाधीच्या माळाचा खातेदार: रेवप्पा. फेरमोजणीतही रेवप्पाच. आणि हक्कनोंदणीच्या पहिल्या पानांत माझ्या पणजोबांची नोंद, मल्लप्पा बिन सिद्धप्पा, त्याआधी एक ओळ जी मी दोन वर्षं ओलांडून गेले होते, कारण मी ‘बिन’ शोधत होते: ‘मयत गंगव्वा कोम सिद्धप्पा’.

जमीन तिची होती. खापरपणजोबांचं नाव एकाही कागदावर खातेदार म्हणून नाही.

शेवटचा दुवा हेळवी. सोलापूर-विजापूरकडे वंशावळ सांगणारे हे लोक सुगीनंतर येतात, घराची पोथी उघडून सात-आठ पिढ्या म्हणून दाखवतात आणि धान्य, पैसे घेऊन जातात. तुमच्या घरचा हेळवी कोण, हे भावकीतल्या थोरल्याला माहीत असतं. तीर्थाच्या ठिकाणचे उपाध्येही अशाच वह्या ठेवतात. त्यांना मोकळं विचारू नका, नेमकं विचारा. आमचा हेळवी दर वेळी सिद्धप्पापासून सुरू करून खाली येतो. या वेळी मी त्याला थांबवलं आणि म्हटलं, सिद्धप्पाच्या नावापुढे काय लिहिलंय ते वाचा. त्याने चष्मा वर केला. “मनेअळिय,” तो म्हणाला. घरजावई.

भाऊ दोन दिवस बोलला नाही. मग म्हणाला, बुटक्या समाधीलाही रंग देऊ का? म्हटलं, अजिबात नको, तिच्यावर आधी उजेड टाकून बघायचाय. पुढच्या सुगीला रेवप्पाच्या घरच्या हेळव्याला त्याचं मूळ गाव विचारायचं आहे. रेवप्पाची पोथी वेगळ्या घरची, म्हणून वेगळ्या हेळव्याकडे असते. तो हेळवी कुठे उतरतो याचा पत्ता मंद्रूपच्या बाजारात लागेल असं आत्ती म्हणते.